या ‘आम्ही’त कोण कोण

१६ ऑगस्ट, बुधवार

प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी सांगितलंय की रोजच्या चर्चेनंतर दोन ओळी लिहीत जा, काय जमलं, काय फसलं. शाळा अजून सुरू व्हायचीय, त्यामुळे फसण्यासारखं काही घडलेलं नाही. तरी लिहायला बसलोय, कारण हाताला दुसरं काम नाही. ऑगस्टच्या मध्यात मी दुपारचा घरात असतो हेच मला पटत नाही. मैदानावरची शिट्टी स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येते. नवा कोच पोरांना पळवतोय. शिट्टी उगाच लांबवतो.

मार्चमध्ये शाळेच्या मंडळाने मला, म्हणजे कोच रस व्होगेलला, बोलावून सांगितलं, फुटबॉलला नवं रक्त हवंय. इतिहासाचा मास्तर म्हणून नोकरी राहील. इतिहास माझ्याकडे आला तो फुटबॉलच्या शेपटाला बांधूनच. कोचला वर्गात काहीतरी शिकवावं लागतं, आणि इतिहासाने कुणाचं बोट कापत नाही की प्रयोगशाळा पेटत नाही. मी धडा वाचून घ्यायचो, धड्याखालचे प्रश्न सोडवून घ्यायचो, आणि शुक्रवारी सामना म्हणून सिनेमा लावायचो. आता बैल गेला आणि झोपा उरला, अशी गत आहे.

मुख्याध्यापिका मिसेस पेनर म्हणाल्या, “यंदा पाठ्यपुस्तक नाही. मूळ कागद वाचायचे. त्या काळच्या लोकांनी लिहिलेले मसुदे, भाषणं, पत्रं. खुर्च्या गोल मांडायच्या आणि पोरांनी बोलायचं.”

“आणि मी?”

“तू एक प्रश्न विचारायचास आणि गप्प बसायचंस.”

“किती वेळ?”

“कुणीतरी बोलेपर्यंत.”

त्या हसत होत्या. मला हसू आलं नाही.

१ सप्टेंबर, शुक्रवार

आज घरच्या मैदानावर मोसमातला पहिला सामना होता. मी जायचं की नाही यावर आठवडाभर डोकं पिकवलं. गेलो तर लोक पाठीवर हात ठेवणार, न गेलो तर रुसलाय म्हणणार. शेवटी काराने प्रश्न मिटवला. म्हणाली, “डॅड, मला बूट हवेत, आजच हवेत, हेजला चल.” सोळा वर्षांची घोडी, स्वतः गाडी चालवते, पण बापाशिवाय पाऊल उचलत नाही. हेज शहरात जाऊन तिने बूट पाहिले, एकही घेतला नाही. मग पॅनकेक खाल्ले. मग म्हणाली, सिनेमा बघू. घरी आलो तेव्हा मैदानावरचे दिवे मालवले होते.

मुलीला मैत्रिणी कमी आहेत याची मला काळजी वाटते. शुक्रवारी संध्याकाळी बापाबरोबर कोण फिरतं?

माझी बायको डीना गेल्या हिवाळ्यात विचिटा शहरात राहायला गेली. तिथल्या दवाखान्यात नर्स म्हणून लागली. घटस्फोटाचे कागद वकिलांकडे आहेत. कारा म्हणाली, मी इथलं वर्ष पुरं करते. वर्ष मे महिन्यात पुरं झालं, ती इथेच आहे. मी कधी विषय काढला नाही. गाडी नीट चालत असली की बॉनेट उघडू नये.

७ सप्टेंबर, गुरुवार

चर्चा फसली. मी प्रश्न विचारला आणि मोजून चार श्वास गप्प बसलो, मग मीच उत्तर दिलं. मग दुसरा प्रश्न विचारला आणि त्याचंही उत्तर मीच दिलं. तास संपताना टकर ब्रँट म्हणाला, “कोच, आज तुम्ही फार छान भाग घेतलात.” टकर माझ्या संघातला बचाव फळीतला पोरगा, मान आणि डोकं एकाच जाडीचं, पण जीभ तिखट.

काराही याच वर्गात आहे. मिस डॉर्सीच्या तुकडीत जागा होती, तरी हिने माझी तुकडी घेतली. वर्गात मला ‘मिस्टर व्होगेल’ म्हणते, ‘तुम्ही’ म्हणते. बाकी सगळी शाळा अजूनही कोच म्हणते. मी घरी विचारलं, हे काय नवीन? म्हणाली, “तिथे तू माझा बाप नसतोस.” मी म्हटलं, बरं बुवा.

१८ सप्टेंबर, सोमवार

काल अमेरिकेचा संविधान दिन होता, रविवार आल्यामुळे शाळेने आज पाळला. मी दोन कागद वाटले. एक संविधानाचा ऑगस्ट १७८७चा मसुदा. त्याची सुरुवात अशी की आम्ही, न्यू हॅम्पशायरचे लोक, मॅसॅच्युसेट्सचे लोक, रोड आयलंडचे लोक, अशी तेराच्या तेरा राज्यांची नावं. दुसरा कागद सप्टेंबरचा, पक्का. त्यात सगळी नावं गायब. नुसतं, आम्ही, संयुक्त संस्थानांचे लोक.

मी विचारलं, “नावं कुठे गेली?” आणि मूग गिळून बसलो. खुर्चीत बसायची मला सवय नाही. मी आयुष्यभर रेषेच्या कडेने येरझारा घालून ओरडलोय. पाय हलत होता, तो दुसऱ्या पायाने दाबून धरला.

टकर म्हणाला, “जागा पुरली नसेल.”

“ओळ दाखव,” पोरं एका सुरात म्हणाली. हा आमचा नियम. जो बोलेल त्याने कागदावरच्या ओळीवर बोट ठेवायचं.

मग इट्झेल ओरोस्कोने सगळा कागद उलटसुलट केला आणि अगदी शेवटी बोट ठेवलं. इट्झेलचे आईवडील मांसाच्या कारखान्यात दोन वेगळ्या पाळ्यांत काम करतात, आणि ही पोरगी कुठलाही कागद शेवटून वाचायला सुरुवात करते. म्हणाली, “इथे लिहिलंय, नऊ राज्यांनी हो म्हटलं की हे लागू. मग कुठली नऊ ते आधी कसं कळणार? नाव घातलं आणि ते राज्य आलंच नाही तर फजिती.”

“म्हणजे,” कारा म्हणाली, “सोबत कोण आहे हे माहीत नव्हतं, म्हणून ‘आम्ही’ लिहिलं.”

 मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. माझ्या खुर्चीने आवाज केला तेवढाच.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

आजही घरचा सामना. आज काराला तळघर आवरायचं होतं. शुक्रवारीच. मी म्हटलं उद्या करू, तर ऐकेना. तळघरात शिट्टी ऐकू येत नाही हे एक बरं झालं. जुन्या ढाली, हेल्मेटं, दोन मोडके ट्रॉफीचे खांब. तिने विचारलं, टाकायचे? मी म्हटलं, राहू देत. तिने पुसून ठेवले.

रात्रीच्या जेवणाला दोनदा विचारलं, “दुपारी जेवलास का?” म्हातारीच झालीय पोरगी.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

वकिलीणबाईंचा निरोप आला. डिसेंबरात मध्यस्थासमोर बसायचं, त्याआधी दोघांनी आपापलं म्हणणं लिहून द्यायचं, मुलगी कुठे राहणार ते. मी दुपारीच लिहून टाकलं. ‘कारा आणि मी, आम्ही दोघांनी इथेच राहायचं ठरवलं आहे. तिची शाळा इथे आहे, मित्रमैत्रिणी इथे आहेत आणि तिला इथून जायचं नाही.’ वाचून पाहिलं. चांगलं उतरलंय. जास्त पाल्हाळ नाही.

काराला दाखवायचं मनात आलं होतं. पण ती तळघरात व्हायोला, ते थोराड व्हायोलिन, घासत बसली होती, ड्रायरच्या शेजारी. या आवाजाचं मला काही कळत नाही, एकच चार सुरांचा तुकडा पन्नासदा. आमच्या शाळेत बँड आहे, व्हायोलाला तिथे जागा नाही, शिकवणारंही कुणी नाही. मी कितीदा म्हटलं, क्लॅरिनेट घे, मैदानावर गणवेश घालून फिरशील. ती म्हणते, विचार करते. मुलांपुढे आईबापांच्या भांडणाचे कागद नाचवू नयेत, म्हणून नाही दाखवलं. पाकीट टाकून आलो.

आणि तिने नाही कधी म्हटलंय? मौन म्हणजे संमती, हे काय मी नव्याने शोधलंय?

१६ ऑक्टोबर, सोमवार

कारा काल विचिटाहून परत आली. अर्ध्या वाटेवर, ग्रेट बेंडच्या पेट्रोल पंपावर, आम्ही महिन्यातून एक-दोनदा तिची अदलाबदल करतो. डीना गाडीतून उतरली नाही, काच खाली करून नुसतं बघत होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, “तुझा कागद वाचला.”

“मग?”

“काही नाही. छान अक्षर आहे.”

छापलेला कागद होता. टोमणे मारायची हिची सवय जात नाही.

परतीच्या वाटेवर काराने रेडिओ लावला नाही, फोनकडेही बघितलं नाही. मी म्हटलं, आईशी भांडलीस? म्हणाली, “नाही.” तिची बॅग अजून दारातच पडलीय, उघडलेलीच नाही. हल्ली नेहमीच तशी पडलेली असते. आळस, दुसरं काय.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

चिठ्ठ्या काढून प्रत्येकाला एकेक राज्य दिलं. ते राज्य घेऊन आता मे महिन्यापर्यंत बोलायचं. टकरला व्हर्जिनिया मिळालं, तेव्हापासून तो छाती काढून चालतोय. काराच्या हाताला रोड आयलंड लागलं. सगळ्यात छोटं, संविधान जिथे लिहिलं त्या फिलाडेल्फियाच्या सभेला न गेलेलं आणि संघात सगळ्यात शेवटी शिरलेलं. मी मनात म्हटलं, बिचारीला काही बोलायलाच मिळायचं नाही.

तर तिने अख्खा तास खाल्ला. रोड आयलंडच्या विधानसभेने आपण सभेला का आलो नाही ते कळवलं होतं, त्यावर बोट ठेवून बसली. त्यांचं म्हणणं असं की हे काम लोकांचं, त्यांना न विचारता त्यांच्या वतीने माणसं पाठवायचा आम्हाला हक्क नाही.

टकर म्हणाला, “बहाणा आहे. त्यांना स्वतःच्या नोटा छापायच्या होत्या. व्हर्जिनियाला सगळं माहितीय.”

“असेल,” कारा म्हणाली. “कारण खोटं असलं तरी वाक्य खरं असू शकतं.”

“पण रुसून बसायचं कशाला?” इट्झेलने विचारलं. “जाऊन भांडायचं ना.”

“रुसलेलं नव्हतंच ते. तिथे गेलं असतं तर सगळे म्हणाले असते, आलास ना, म्हणजे कबूल आहेस. आणि नाही म्हटलं असतं तर बाकीच्यांचं घर मोडल्याचं खापर त्याच्या डोक्यावर.”

“घर?” टकर म्हणाला. “देश म्हण.”

“तेच ते.”

मी मिसेस पेनरना जाऊन सांगितलं की पोरं देशाला घर म्हणायला लागली आहेत. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “रस, घरी सगळं बरं आहे ना?” बायकांना कुठून कुठे जायचं असतं कळत नाही.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे.

कागद होता व्हर्जिनियातल्या १७८८च्या सभेतल्या एका भाषणाचा. वक्ता उभा राहून विचारतोय की ‘आम्ही लोक’ असं बोलायचा अधिकार या मंडळींना दिला कुणी? मी प्रश्न लिहिला, ‘हा माणूस एका शब्दावर एवढा का चिडलाय?’ आणि बसलो. आता बसता येतं. दाढेखाली बर्फाचा खडा धरतो.

 मग टकरने हात वर न करता सुरुवात केली. “मला कळलंय का चिडलाय. कोच, रागावू नका. पेपरात तुमची मुलाखत यायची ना सोमवारी. जिंकलो असलो की, ‘आम्ही सामना हातात घेतला.’ हरलो असलो की, ‘पोरांनी चेंडू सोडला.’ आमच्या घरी आजोबा मोठ्याने वाचायचे आणि म्हणायचे, आपला तो बाब्या.”

वर्ग फुटला. मीही हसलो, कान तापले तरी. खोटं नव्हतं ते. सगळेच कोच तसं बोलतात, आम्हाला त्यात ‘आम्ही’ कधी लबाडीने घुसतो आणि कधी निसटतो हे ऐकूही येत नाही.

कारा हसत नव्हती. म्हणाली, “मला वाटतं चिडण्याचं कारण वेगळं आहे. ज्यांनी लिहिलं ते वाईट होते असं मी म्हणत नाहीये, मिस्टर व्होगेल. त्यांना लोक आवडतही असतील. खूप आवडत असतील. पण आवडतात म्हणून न विचारता त्यांचं नाव घालायचं का? मग ज्याचं नाव घातलंय त्याने काय करायचं? नाही म्हटलं तर तो दुष्ट. गप्प बसला तर म्हणणार, बघा, कबूल आहे.”

“ओळ दाखव,” इट्झेल म्हणाली.

“ओळ नाहीये. तेच तर. त्यांना विचारलं होतं, अशी ओळ यात कुठेच नाहीये.”

ती माझ्याकडे बघून बोलत होती, बाकी कुणाकडेही नाही. मी असा अभिमानाने फुगलो की डोळ्यांत पाणी आलं. दारात मिसेस पेनर उभ्या होत्या, त्यांना म्हटलं, सर्दी झालीय. पोरगी दोनशे वर्षांपूर्वीच्या कागदात शिरून अशी बोलते, जणू काल तिच्यावरच बेतलंय. हे माझ्या वर्गात घडलं. इतक्या मोसमांत, एवढ्या सामन्यांत मला असं वाटलं नव्हतं.

घरी येताना गाडीत मी तिला म्हटलं, आज कमाल केलीस. ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, “तुला काय ऐकू आलं?” मी म्हटलं, सगळं. तिने मान हलवली आणि परत खिडकीबाहेर बघू लागली. थकली असेल.

८ नोव्हेंबर, बुधवार

दुपारच्या सुट्टीत इट्झेल कागद गोळा करून द्यायला आली आणि म्हणाली, “कोच, एक विचारू? नाताळनंतर रोड आयलंड कोणाला द्यायचं? मी घेतलं तर चालेल? माझं डेलावेअर फार लवकर हो म्हणून मोकळं झालंय.”

मी म्हटलं, रोड आयलंड काराकडे आहे.

“हो, पण ती विचिटाला जायचंय म्हणत होती ना. तिथल्या शाळेत तारवाद्यांचा मोठा वाद्यवृंद आहे, तिने मला व्हिडिओ दाखवला.” मग माझं तोंड बघून तिचं तोंड उतरलं. “म्हणजे ठरलं नसेल. मी चुकीचं ऐकलं असेन, कोच.”

मी म्हटलं, चालेल, घे रोड आयलंड.

पुढचा तास काय शिकवलं ते आठवत नाही.

९ नोव्हेंबर, गुरुवार

डीनाला फोन केला. म्हटलं, मुलीला पढवतेस. अजून काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मी एक शब्द शिकवलेला नाही. कागद मात्र वाचून दाखवला. तिचं नाव होतं त्यात, तिला हक्क आहे.”

“आणि ती काय म्हणाली?”

“तिला विचार.”

“तूच सांग.”

“रस, तू तिला विचारलंस का? कधीही? एकदा तरी?”

मी फोन ठेवला.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

विचारायला काय आहे? मी बाप आहे. मला कळत नाही का?

१२ नोव्हेंबर, रविवार

कळलेलं नव्हतं. व्हायोला कळली नाही, दारातली बॅग कळली नाही. वर्गात तोंडावर सांगितलं, तर मी अभिमानाने रडलो. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच.

चैन पडत नाही. सकाळी कुंपण दुरुस्त केलं, चांगलं होतं तेही. दुपारी गाडीतलं तेल बदललं. कारा दोनदा दारात येऊन बघून गेली. मी काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर ओरडलो असतो. ती गेली तर या घरात मी एकटा उरतो, हे मला मार्चपासून ठाऊक आहे आणि तिकडे मी एकदाही बघितलेलं नाही. संघ गेला, डीना गेली. मला भीती वाटते. इथे लिहायला काय हरकत आहे, भीती वाटते.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

आठवडाभर रोज ठरवतो, आज विचारू. रोज संध्याकाळी काहीतरी निघतं. परवा तर प्रश्न तोंडात तयार होता आणि बाहेर पडलं, “कपडे वाळले का?”

वर्गात चर्चा उत्तम चालल्यात. तिथे मला विचारता येतं.

२६ नोव्हेंबर, रविवार

थँक्सगिव्हिंगच्या सणाला कारा आईकडे होती. मी बिरॉक केले, कोबी-खिमा भरलेले पाव, माझी आई करायची तसे, फ्रीझर भरून. आज ग्रेट बेंडहून तिला घेतलं. डीनाने या वेळी काच खाली केली नाही, खाली उतरली, मला म्हणाली, सांभाळून जा. बर्फाची भुरभुर होती.

शहर सोडल्यावर मी गाडी धान्याच्या कोठाराच्या आवारात घेतली आणि थांबवली. ती म्हणाली, “काय झालं? टायर?”

“नाही. मला विचारायचंय. तुला कुठे राहायचंय?”

विचारलं आणि गप्प बसलो. बर्फाचा खडा नव्हता, दात एकमेकांवर दाबून धरले. ती बोलेना. वायपर फिरत होते, ते मी बंद केले. दहा उत्तरं माझ्या जिभेवर होती, सगळी तिच्या वतीने. बाहेर कोठाराचा पत्रा वाजत होता. समोरची काच पांढरी होत गेली. वर्गात एवढा वेळ कुणी घेतला नव्हता.

शेवटी म्हणाली, “विचिटाला.”

मी मान हलवली. 

“मला मे महिन्यातच जायचं होतं.”

“मग गेली का नाहीस?”

“तुला मार्चमध्ये काढलं ना. मग मी आईला म्हटलं, मोसम संपेपर्यंत थांबते. शुक्रवार तेवढे निघू देत. तू एकटा घरात बसून ती शिट्टी ऐकत राहिला असतास, डॅड. जेवला नसतास.” ती हातमोजे काढत होती आणि परत घालत होती. “मग मोसम संपला. मला वाटलं, आता सांगते. पण तोवर तू तो कागद पाठवून बसला होतास. त्यात लिहिलेलं की माझं ठरलंय.”

बूट आठवले. पॅनकेक, तळघर. मला वाटत होतं तिला माझ्याशिवाय करमत नाही. मी तिला सांभाळतोय, असं समजून मी तो कागद लिहून दिला होता.

“वर्ग पण त्यासाठीच घेतलास?”

“आधी त्यासाठी.” मग जराशी हसली. “नंतर मजा यायला लागली. तुम्ही बरे शिकवता, मिस्टर व्होगेल. गप्प असता तेव्हा.”

मी हसलो आणि तसाच रडलो. तिने हातमोज्याने काचेवरची वाफ पुसली, आतल्या बाजूची, काही गरज नसताना. मग आम्ही घरी आलो आणि बिरॉक खाल्ले. तिने तीन खाल्ले, मी एक.

२७ नोव्हेंबर, सोमवार

वकिलीणबाईंना कळवलं, माझं म्हणणं मागे घेतो. त्यांनी विचारलं, नवीन काय लिहू? म्हटलं, माझ्यापुरतं लिहा की मला ती इथे हवी होती. तिचं ती सांगेल.

त्या म्हणाल्या, यात तुमची बाजू कमकुवत होते. म्हटलं, होऊ दे.

१४ डिसेंबर, गुरुवार

मध्यस्थाचं कार्यालय हेजला, दातांच्या दवाखान्यावर. मध्यस्थ म्हणजे एक वयस्क गृहस्थ, हळू बोलणारे. एका बाजूला डीना, एका बाजूला मी, मधे कारा. त्यांनी माझा जुना कागद काढून विचारलं, “मिस्टर व्होगेल, मुलीला इथून जायचं नाही असं इथे लिहिलंय. त्यात बदल आहे म्हणता?”

“ते मी तिला न विचारता लिहिलं होतं. आता तिलाच विचारा.”

त्यांनी विचारलं. कारा माझ्याकडे बघायला लागली, तर मी छताकडे बघत बसलो, कारण माझं तोंड बघून तिने उत्तर बदललं असतं. ती म्हणाली, “विचिटा.” आवाज कापला नाही. मला फार लागलं ते. आधी माहीत असूनही लागलं. डीनाने टेबलावर हात पुढे केला, तिच्याकडे नाही, माझ्याकडे. मी धरला, जरासा. मग सह्या झाल्या. सुट्टी लागली की ती जाईल.

डीना पुढे निघाली. गाड्या लावल्या होत्या तिथे कारा माझ्यासोबत थांबली. टोपी कानावर ओढत म्हणाली, “तू ठीक आहेस ना?”

वसंतापासून हे ती रोज विचारतेय, निरनिराळ्या शब्दांत. जेवलास का, झोपलास का, बूट घ्यायला येतोस का. आणि मी रोज म्हणतोय, मला काय धाड भरलीय.

“नाही,” मी म्हटलं. “ठीक नाहीये. पण ते बघायचं काम तुझं नाही.”

तिचं तोंड लहान मुलीसारखं वाकडं झालं. आई गेली तेव्हा ती रडली नव्हती, मला काढलं तेव्हाही नाही, परवा कोठाराच्या आवारातही मीच रडलो होतो. आता माझ्या कोटाला धरून अशी रडली की दातांच्या दवाखान्यातली बाई बाहेर येऊन बघून गेली. मी तिला गप्प केलं नाही. थंडी फार होती, आम्ही तिथेच उभे राहिलो.